अंतिम सामना कोणाचा?

राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना हा पहिल्या पानावरील अग्रलेखाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका आमच्या काही वाचकांच्या मनात येईल. महागाई, पूर, पाण्याचे तंटे आणि निवडणुका हे विषय दाराशी उभे असताना चेंडूमागे धावणाऱ्या बावीस जणांसाठी आम्ही ही जागा का खर्च करावी, असे कोणी विचारले तर तो प्रश्न गैरवाजवी म्हणता येणार नाही. तथापि संतोष करंडकाच्या अंतिम सामन्याचे गेल्या काही वर्षांत जे झाले आहे, ते निव्वळ खेळाचे वृत्त राहिलेले नाही. सार्वजनिक मालकीची एखादी वस्तू मालकांस न विचारता कशी इकडून तिकडे हलविली जाते, आणि कालांतराने मालकही ती आपली होती हे कसे विसरतात, ह्याचा तो एक वस्तुपाठ आहे. म्हणून आज त्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम दोन अंतिम सामने शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. पहिला २ मे २०२२ चा. स्थळ केरळातील मलप्पुरम जिल्ह्यातले मंजेरी. सामना केरळ आणि पश्चिम बंगाल ह्यांच्यात. रमझानचा महिना सरत आला होता. दिवसभराचा उपास सोडून लोक रात्रीच्या सामन्यास मैदानावर येत होते, आणि अंतिम सामन्याच्या रात्री तेथे २५ हजारांहून अधिक प्रेक्षक जमले होते. निर्धारित वेळेत गोल झाला नाही. जादा वेळेत बंगालने आघाडी घेतली, ती सामना संपावयास काही मिनिटे उरली असता केरळने फेडली, आणि अखेर पेनल्टींवर केरळने ५-४ असा विजय मिळविला. त्या रात्री मंजेरीच्या मैदानात जे घडले त्याचे वर्णन ‘स्पर्धा पार पडली’ अशा शब्दांत कोणी करणार नाही. एक सबंध जिल्हा त्या सामन्याचा यजमान होता.

दुसरा सामना ४ मार्च २०२३ चा. स्थळ सौदी अरेबियाची राजधानी रियाध. महासंघाने सौदी अरेबियाच्या फुटबॉल संघटनेशी करार केला आणि उपांत्य व अंतिम सामने तेथील भव्य किंग फहद स्टेडियमवर नेले. अंतिम फेरीत कर्नाटक आणि मेघालय. कर्नाटकाने ह्यापूर्वी हा करंडक जिंकला होता तो १९६८-६९ साली, आणि तोही म्हैसूर ह्या जुन्या नावाने. म्हणजे ५४ वर्षांची प्रतीक्षा त्या दिवशी संपावयाची होती. मेघालयासारखे छोटे डोंगरी राज्य प्रथमच अंतिम सामना खेळत होते. सामनाही चुरशीचा झाला. कर्नाटकाने तो ३-२ असा जिंकला. परंतु हे सारे घडले ते बहुतांशी रिकाम्या खुर्च्यांसमोर. शिलाँगमध्ये हा सामना झाला असता तर तेथे पाय ठेवावयास जागा मिळाली नसती. बंगळुरात झाला असता तर वडिलांनी मुलाचे बोट धरून त्यास ५४ वर्षांपूर्वीच्या विजयाची गोष्ट सांगत मैदानावर नेले असते. रियाधला ह्यांपैकी काहीही होणे शक्य नव्हते. परदेशी नोकरीस असलेल्या आपल्या बांधवांनाही चांगला खेळ पाहावयास मिळावा, हा हेतू वाईट नाही. त्यासाठी एखादा प्रदर्शनीय सामना नेता आला असता. घरचे लग्न मात्र घरच्या मांडवातच व्हावयास हवे.

येथे कोणी म्हणेल की, ती एका वर्षाची गोष्ट होती. पुढे अंतिम सामने देशातच झाले. हे खरे आहे. ९ मार्च २०२४ रोजी अरुणाचल प्रदेशातील युपिया येथे सेनादलाने गोव्यास १-० असे हरविले. ३१ डिसेंबर २०२४ रोजी हैदराबाद येथे पश्चिम बंगालने केरळास, पुन्हा १-० असेच, पराभूत करून आपले ३३ वे अजिंक्यपद मिळविले. परंतु ह्या दोन तारखांकडे वाचकांनी पुन्हा एकवार पाहावे. एकाच वर्षात देशाच्या राष्ट्रीय स्पर्धेचे दोन अंतिम सामने! २०१८ साली हा सामना एप्रिलच्या पहिल्या तारखेस झाला होता, २०२२ साली मे महिन्यात, त्यानंतर दोन वेळा मार्चात, आणि मग एकदम वर्षाच्या शेवटच्या दिवशी. ज्या सणाची तिथी दरवर्षी पंचांगाबाहेर बदलते, तो सण लोक साजरा करीत नाहीत. इंग्लंडात १८७२ पासून चालत आलेल्या करंडकाचा अंतिम सामना वसंताच्या अखेरीस लंडनच्या वेम्बली मैदानावर होतो, हे तेथील शाळकरी पोरासही ठाऊक असते. जपानच्या सम्राट करंडकाचा अंतिम सामना कित्येक दशके नववर्षाच्या पहिल्या दिवशी होत आला, आणि तो दिवस त्या सामन्यामुळेही ओळखला जाऊ लागला. परंपरा म्हणून जिला म्हणतात ती पुष्कळदा एवढीच असते: ठरलेला दिवस, ठरलेली जागा, आणि त्या दोहोंशी राखलेले इमान.

संतोष करंडक हा काही कालपरवाचा पेला नाही. महासंघाची स्थापना १९३७ ची आणि ही स्पर्धा सुरू झाली १९४१ साली. ‘संतोष’ हे एका संस्थानाचे नाव. तेथील महाराज मन्मथनाथ रायचौधुरी बंगालच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांच्या स्मरणार्थ हा करंडक दिला गेला. ते संतोष गाव आज बांगलादेशात आहे. ज्या गावाच्या नावाने भारताचा राष्ट्रीय करंडक ओळखला जातो ते गाव फाळणीने परदेशात गेले, तरी करंडक येथे राहिला आणि त्याचे नावही राहिले. विजेत्यांची यादी वाचू लागावे तर ती भारताच्या राज्यपुनर्रचनेचा इतिहास सांगते. १९५४-५५ चा विजेता मुंबई, १९६३-६४ चा महाराष्ट्र. १९५६-५७ आणि १९५७-५८ चा विजेता हैदराबाद, १९६५-६६ चा आंध्र प्रदेश. म्हैसूरचे कर्नाटक झाले. राज्यांच्या सीमांसाठी ह्या देशात रक्त सांडले, पण त्याच सीमा अंगावर घेऊन अकरा अकरा तरुण मैदानात उतरले आणि दीड तासाने हस्तांदोलन करून परतले. भाषावार राज्यांचा अभिमान आणि देशाचे ऐक्य ही दोन्ही एकाच वेळी सुखाने नांदू शकतात, हे सिद्ध करणारी जी थोडी ठिकाणे आपल्याकडे आहेत त्यांत फुटबॉलच्या ह्या मैदानाची गणना आम्ही करतो.

ह्या मैदानाने माणसेही घडविली. प्रदीपकुमार बॅनर्जी ह्यांचा उदय बिहारच्या संघातून झाला, आणि पुढे ते रेल्वेकडून खेळले. रेल्वेने १९६१-६२, १९६४-६५ आणि १९६६-६७ असा तीन वेळा करंडक जिंकला. १९७३-७४ साली एर्नाकुलम येथे केरळने प्रथमच अजिंक्यपद मिळविले, तेव्हा रेल्वेविरुद्धच्या ३-२ अशा विजयातील तिन्ही गोल कर्णधार मणी ह्यांचे होते. केरळातील फुटबॉलच्या वेडास त्या दिवसापासून राज्याभिमानाचे रूप आले. त्याच्या पुढच्याच हंगामात जालंदर येथे पंजाबने बंगालचा अंतिम सामन्यात ६-० असा धुव्वा उडविला, आणि इंदरसिंग ह्यांनी त्या एका स्पर्धेत २३ गोल केले. मणिपूरने २००२-०३ साली आणि मिझोरामने २०१३-१४ साली हा करंडक जिंकला, तेव्हा उर्वरित भारतास त्या राज्यांची ओळख दंगली आणि संचारबंदी ह्यांपलीकडील कारणाने झाली. हे कार्य लहान नव्हे.

मग ह्या सामन्यास उतरती कळा का लागली? दोष एकट्यादुकट्याचा नाही. १९९६ साली राष्ट्रीय लीग सुरू झाली, २००७ मध्ये तिचे नाव आणि रूप बदलले, आणि २०१४ साली इंडियन सुपर लीग अवतरली. क्लब हा फुटबॉलचा स्वाभाविक आधार आहे, आणि व्यावसायिक लीग चालावी ह्यात आक्षेपार्ह काही नाही. पण लीगच्या वेळापत्रकातून जे दिवस उरतील ते राज्यांच्या स्पर्धेस, क्लबांनी जे खेळाडू सोडले ते राज्यांच्या संघास, आणि दूरचित्रवाणीची जी दृष्टी शिल्लक राहील ती अंतिम सामन्यास, असा व्यवहार रूढ झाला. वर्गातील हुशार म्हणून गणलेल्या एका विद्यार्थ्यासाठी बाकीचा सारा वर्ग मागच्या बाकांवर बसविण्याचा हा प्रकार होता. आणि त्या हुशार विद्यार्थ्याची गत काय झाली? २०१० साली महासंघाने ज्या व्यापारी कराराच्या आधारे हा डोलारा उभा केला तो १५ वर्षांचा होता. त्याची मुदत २०२५ च्या डिसेंबरात संपत आली तरी पुढे काय, हे ठरले नव्हते. परिणामी जुलैमध्येच लीगचा हंगाम स्थगित झाला, तो वेळेवर सुरू होऊ शकला नाही, आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबविले. त्यापूर्वी २०२२ च्या ऑगस्टात जागतिक संघटनेने आपल्या महासंघास काही दिवस निलंबित केले होते. ज्या घराचा मुख्य वासाच असा वारंवार हलतो, त्या घराने जुना, टिकाऊ खांब अडगळीत टाकावा, हे शहाणपणाचे लक्षण नाही.

ह्यावर एक आक्षेप आहे, आणि तो आम्ही टाळू इच्छीत नाही. फुटबॉलमध्ये पुढारलेल्या कोणत्याही देशात प्रांतांच्या संघांची स्पर्धा हा खेळाचा कणा नसतो. तेथे क्लब, त्यांच्या प्रबोधिनी आणि त्यांची लीग ह्यांतून खेळाडू निपजतात. मग आपण ही जुनी चाल का धरून ठेवावी, असे जाणकार विचारतात. आक्षेपात तथ्य आहे. संतोष करंडक हा एकेकाळी राष्ट्रीय संघाची निवड करण्याचा राजमार्ग होता. आज तसा तो नाही आणि पुन्हा होईल असा भ्रम आम्हांस नाही. परंतु ज्या देशांचे दाखले दिले जातात तेथे तालुक्यातालुक्यांत क्लब आहेत. आपल्याकडे काय आहे? महाराष्ट्रासारख्या विस्तीर्ण राज्यात सर्वोच्च लीगचा क्लब म्हणून मुंबईचे नाव घ्यावयाचे. पुण्यास एक होता, तो २०१९ साली बंद पडला. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, कोकण आणि आमचा हा दक्षिण महाराष्ट्र येथील मुलाने कोणत्या क्लबच्या दारात जाऊन उभे राहावे? त्याच्यासाठी जिल्ह्याचा संघ, तेथून राज्याचा संघ, आणि तेथून राष्ट्रीय स्पर्धा ही एकच शिडी आहे. दुसरी शिडी बांधून होण्यापूर्वी असलेली काढून घेणाऱ्यास सुधारक म्हणता येत नाही.

शिवाय ह्या शिडीला भाकरीची पायरी जोडलेली होती, ही गोष्ट शहरी क्रीडापंडितांच्या ध्यानात सहसा येत नाही. राज्याकडून खेळलेल्या मुलास रेल्वेत, पोलिसांत, बँकेत, बंदरात किंवा सेनादलात नोकरी मिळे. खेळ हा त्याच्या घराचा आधार होई, आणि म्हणून आईबाप त्यास मैदानावर जाऊ देत. ह्या व्यवस्थेचे महत्त्व निकालांवरूनही दिसते. २०११-१२ ते २०१८-१९ ह्या आठ हंगामांत सेनादलाने पाच वेळा करंडक जिंकला. त्यांच्याकडे इतरांहून अधिक प्रतिभा होती असे नव्हे. त्यांचे खेळाडू पगारावर होते, एकत्र राहत होते, वर्षभर सराव करीत होते, आणि उद्याच्या चुलीची चिंता त्यांना नव्हती. २०२४ च्या अंतिम सामन्यात अखेरच्या क्षणी विजयी गोल करणारा बंगालचा रवी हंसदा त्या स्पर्धेत १२ गोल करून गेला. त्यानंतर बंगालच्या सरकारने विजयी खेळाडूंस सरकारी नोकऱ्या देण्याची घोषणा केली. हे कौतुकास्पद आहे. पण करंडक जिंकल्यावर मिळणारी नोकरी हे बक्षीस झाले. जिंकण्यासाठी जी स्थिरता लागते ती आधी द्यावी लागते. विहीर खणावयाची ती तहान लागण्यापूर्वी.

आता आपल्या घराकडे वळू. महाराष्ट्राने हा करंडक चार वेळा जिंकला: १९५४-५५, १९६३-६४, १९९०-९१ आणि १९९९-२०००. शेवटच्या दोन्ही वेळा केरळास त्याच्याच भूमीवर हरवून. त्यानंतर एक सबंध पिढी जन्मून मिसरूड फुटण्याच्या वयाची झाली, करंडक काही परत आला नाही. २०१६ साली अंतिम सामना आपल्याच नागपुरात होता आणि आपला संघ त्यात होता. सेनादलाने तो २-१ असा जिंकला. त्या सामन्याची आठवण ह्या राज्यात आज किती जणांस आहे? मुंबईची १८९१ पासूनची रोव्हर्स करंडक स्पर्धा, जिच्यात हैदराबादच्या पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे विजय मिळवून देश गाजविला, ती २०००-०१ च्या सुमारास बंद पडली, आणि तिच्यासाठी कोणी मोर्चा काढला नाही. संस्था मरतात त्या विरोधकांच्या घावाने क्वचितच. त्यांच्या शेजाऱ्यांच्या विस्मृतीने त्या अधिक मरतात.

आणि तरीही फुटबॉलचे वेड महाराष्ट्रात नाही असे म्हणण्याची सोय नाही, कारण कोल्हापूर महाराष्ट्रात आहे. ह्या शहरात कुस्तीच्या तालमींनी फुटबॉल आपलासा केला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ह्या तालमी, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ह्यांचे सामने म्हणजे पेठापेठांचे सण होत. शाहू स्टेडियमवरील अंतिम सामन्यास जी गर्दी लोटते ती पाहून रियाधच्या त्या रिकाम्या खुर्च्या आठवल्यावाचून राहत नाहीत. २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव ह्याच मातीतला. परंतु आमच्या ह्या वेडाचाही ताळेबंद मांडला पाहिजे. पेठेच्या संघासाठी जीव टाकणारा प्रेक्षक राज्याच्या संघात कोण कोण आहे हे सांगू शकत नाही. सामना संपल्यावर दगडफेक आणि हाणामाऱ्या होतात, खटले होतात, आणि सज्जन माणसे मुलांना मैदानापासून दूर ठेवू लागतात. ज्यांस राष्ट्रीय सामना आपल्या शहरात हवा आहे, त्यांनी आपला पेठेचा सामना अगोदर निर्वेध पार पाडून दाखविला पाहिजे. मंजेरीच्या लोकांनी तो मान मागून घेतला नव्हता. आपल्या वर्तनाने मिळविला होता.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. पहिले, संतोष करंडकाच्या अंतिम सामन्याचा पंधरवडा कायमचा ठरवून टाकावा, आणि तो शाळा-महाविद्यालयांच्या परीक्षांवर आदळणार नाही असा असावा. मार्चमध्ये अंतिम सामना ठेवणाऱ्यांनी ज्यांच्यासाठी खेळ आहे त्या मुलांचा विचार केलेला दिसत नाही. दुसरे, हा सामना देशाबाहेर नेला जाणार नाही असे महासंघाने आपल्या नियमांतच नमूद करावे. तिसरे, स्थळ वर्षभर आधी जाहीर व्हावे आणि ते निवडताना खुर्च्यांच्या संख्येपेक्षा त्या खुर्च्यांवर बसणाऱ्या माणसांचा विचार अधिक व्हावा. मंजेरी, शिलाँग, इंफाळ, मडगाव, कोल्हापूर अशा खेळवेड्या गावांस पाळीपाळीने तो मिळावा. चौथे, महाराष्ट्राच्या संघाची निवड मुंबईतील चार दिवसांच्या शिबिरावर न सोपविता वर्षभर चालणाऱ्या आंतरजिल्हा स्पर्धेतून व्हावी. आणि पाचवे, जे सर्वांत कठीण आहे: राज्य सरकारने आणि सार्वजनिक उद्योगांनी खेळाडूंच्या भरतीचे दार नियमितपणे उघडे ठेवावे. ह्यांतील पहिल्या चार गोष्टींस पैसा लागत नाही. लागते ती केवळ इच्छा. पाचवीस पैसा लागेल, परंतु एका पुतळ्याच्या खर्चात किती तरुणांचे पगार भागतील ह्याचा हिशेब सरकारने एकदा करून पाहावा.

ह्या मागण्या महासंघाकडून आपोआप मान्य होतील असे समजण्याइतके भोळे आम्ही नाही. महासंघ राज्यसंघटनांच्या मतांवर चालतो आणि राज्यसंघटना जिल्हासंघटनांच्या. अंतिम सामना रियाधला गेला तेव्हा किती राज्यसंघटनांनी लेखी निषेध नोंदविला? आपल्या जिल्ह्याच्या प्रतिनिधीने राज्याच्या सभेत शेवटचे कधी तोंड उघडले, हे त्यास विचारण्याचा अधिकार मैदानावर तिकीट काढून बसणाऱ्या प्रत्येकास आहे. तो त्याने बजावला पाहिजे. गोल झाला की आरोळी देणारा घसा सभेत गप्प राहतो, म्हणूनच निर्णय दुसरेच घेतात.

राष्ट्रीय करंडकाचा अंतिम सामना महासंघाचा नाही, पुरस्कर्त्यांचा नाही, दूरचित्रवाणीचाही नाही. जो मुलगा अनवाणी पायांनी गल्लीत चेंडू मारतो आणि एक दिवस आपल्या राज्याचा सदरा अंगावर चढविण्याचे स्वप्न पाहतो, त्याचा तो आहे. आणि त्यास ते स्वप्न पाहू देणाऱ्या गावाचा आहे. सेनादल जिंको, बंगाल जिंको वा केरळ जिंको, त्याबद्दल आमची तक्रार नाही. सामना मात्र त्यांच्या डोळ्यांसमोर झाला पाहिजे, एवढाच आमचा आग्रह आहे.